बोंडाचा शिक्का

आबा बोलण्याआधी डावा तळहात टेबलावर आपटायचे. हात आपटला की समजायचं, समोरच्याचं काहीतरी चुकलं. मग शब्द यायचा, "चूक!" तेवढ्यानं भागलं नाही तर "साफ चूक!" टेबल नसेल तर स्वतःची मांडी, आणि उभे असले तर शेजाऱ्याचा खांदा. एकदा कीर्तनात त्यांनी बुवांना मधेच थांबवलं होतं. एका लग्नात भटजींनी मंगलाष्टकातला शब्द चुकवला म्हणून हातात अक्षता धरून अख्खा मांडव ताटकळत ठेवला होता. मुहूर्त टळला नाही, हे नवरीचं नशीब.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. आपण त्याला तापट म्हणतो आणि तो दिसला की वाट बदलतो. मला वाट बदलता येत नव्हती, कारण मी त्यांच्याच घरात भाड्यानं राहत होते.

धुळ्याला मुलींच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा मी आईला घेऊन आले. लग्न न झालेली मास्तरीण आणि तिची विधवा आई, एवढ्यावर गावातल्या देवपूर भागात कुणी खोली देईना. आबा तिथले जुने वकील. त्यांच्याकडे गेले तर म्हणाले, "बाई, एकटी म्हणून लोक नाही म्हणतात?"

"हो."

टेबलावर हात आपटला. "साफ चूक!"

मी घाबरून उठले. आतून त्यांच्या बायको, ज्यांना सगळी गल्ली अक्का म्हणायची, हसत बाहेर आल्या. "बसा हो. तुम्हाला नाही, गावाला म्हणताहेत. सामान कधी आणता?"

त्यांच्या दिवाणखान्यात समोरच्या भिंतीवर पिस्तुलं होती. सगळी जुनी, फौजी, एकदाच बार भरून उडवायची. काही चकमकीच्या ठिणगीनं पेटणारी, काही त्यानंतरच्या काळातली, दारूच्या टोपीनं उडणारी. एकही चालण्याजोगं नव्हतं, तरी सगळ्यांचा परवाना होता. बुऱ्हाणपूरचा बाजार, जहागीरदारांचे लिलाव, भंगारवाले, कुठून कुठून त्यांनी ती जमवली होती. लोक बघायला येत आणि बहुतेक जण अपमान करून घेऊन परत जात. जळगावचे एक जिनिंगवाले शेठ आले होते. चांदीचं काम केलेल्या पिस्तुलाकडे बोट दाखवून म्हणाले, "हे सगळ्यांत भारी दिसतं."

"चूक! ते वरातीत कमरेला खोचायचं. त्यानं कधी चिमणीसुद्धा मारली नसेल. म्हणून तर शाबूत आहे. अशी पैशाला पासरी मिळतील."

शेठ चहा न घेताच गेले.

पुढे केव्हातरी त्यांनी मला आणि आईला समोर बसवून सगळं समजावलं. उभ्या सिंहाचा शिक्का असतो ती कंपनी सरकारची. तिकडे विलायतेत एक कारागीर नळी करायचा, दुसरा चाप करायचा, तिसरा जोडायचा. ढिगानं आली, कोठारात राहिली, म्हणून आजही ढिगानं सापडतात. त्याआधीची, बदामाच्या आकाराचा शिक्का असलेली, कमी. उत्तरेतल्या मराठी फौजांत फिरंगी सरदार होते, त्यांच्याबरोबर आलेलं फ्रेंच पिस्तूल त्याहून कमी. "पण किती केली होती, हा प्रश्नच नाही," ते म्हणाले. "किती उरली, आणि बाकीची का उरली नाहीत, हा प्रश्न आहे."

आई म्हणाली, "म्हणजे भांड्यांसारखंच की. रुखवतातलं चांदीचं तबक तीन पिढ्या टिकतं आणि रोजचा तवा झिजून जातो. पुढे कुणी बघितलं तर त्याला वाटेल, या घरातली माणसं तबकातच भाकरी भाजायची."

आबांचा हात वर गेला होता, तो तसाच राहिला. "बरोबर," ते म्हणाले. अक्का स्वयंपाकघरातून धावत बाहेर आल्या. "काय म्हणालात? परत म्हणा!"

भिंतीच्या मधोमध एक पिस्तूल होतं, सगळ्यांत साधं. विलायती घोडेस्वारांच्या पिस्तुलासारखंच, पण जरा बुटकं, दस्ता बाभळीचा. चापाच्या पट्टीवर सिंहाच्या जागी एक गोल नक्षी होती, खाली तीन पाकळ्या. जळगावच्या एका लोखंडवाल्याकडे ते आबांना मिळालं होतं. हा शिक्का कुणाचा, हे त्यांनी मुंबईपर्यंत विचारलं. कुणालाच सांगता येईना. शेवटी एक पक्षकार जमिनीच्या खटल्यासाठी आला आणि भिंतीकडे बघून सहज म्हणाला, "हाई ते कपाशीनं बोंड शे. धरणगावना विळासवर ऱ्हास." धरणगावच्या विळ्यांवर असतं!

त्याच रविवारी आम्ही सर्व्हिस मोटारीनं धरणगावला निघालो. आबा, अक्का आणि मी. पिस्तूल धुतलेल्या पंच्यात गुंडाळून आबांच्या मांडीवर. पारोळ्यापासून पुढे दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. एरवी ड्रायव्हरला रस्ता शिकवणारे आबा त्या दिवशी चूप होते.

लोहारवाडा सापडला. ज्या घरात ते विळे होत, तिथली म्हातारी ओट्यावर बसली होती. तिचा मुलगा आत भात्यावर होता. आबांनी पंचा उलगडला. तिनं आधी पिस्तुलाकडे पाहिलं नाही, आबांकडे पाहिलं. मग नक्षीवर अंगठा फिरवला.

"हाई मना आजासासरानी बनाडेल शे," ती म्हणाली. "तुमनाकडे कसं वनं?"

धरणगावला पूर्वी भिल्लांची पलटण होती. तिच्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बंदुका दुरुस्त करता करता तिचा आजेसासरा स्वतः पिस्तुलं करायला शिकला. नळी, चाप, कमान, सगळं एका हातचं. फौजेतल्या लोकांनीही ती घेतली. मग हत्यारांचा कायदा आला. गावोगावची हत्यारं गोळा करून त्याच्याच भट्टीपुढे ढीग घातला आणि त्यालाच सांगितलं, फोड. बंदुकीचं काम जाणणारा दुसरा लोहार गावात नव्हता. तेव्हा ती नवी नवरी होती. दाराआडून तिनं पाहिलं, की विलायती हत्यारं बाजूला काढून साहेबाच्या गाडीत गेली आणि गावठी तेवढी ऐरणीवर आली. म्हाताऱ्यानं आपली पिस्तुलं आपल्याच घणानं एकेक करून फोडली. पोलीस बघत होते.

"एक ऱ्हायनं," ती म्हणाली. "सरकीना ढिगमा दपाडेल व्हतं. मरापर्यंत कोनले सांगं नही त्यानी. मरताना फक्त माले." मग एका दुष्काळात तिच्या नवऱ्यानं ते बाजारात विकलं. त्यावरून ती नवऱ्याशी वर्षभर बोलली नव्हती.

आबांनी पिस्तूल तिच्या हातात ठेवलं. "तुमचं आहे. ठेवा."

तिनं ते परत पंच्यात गुंडाळलं. "आमना घर ठेवं तर पोलीस लई जातीन. तुमनाकडे परवाना शे. तुमीच संभाळा."

परतीच्या मोटारीत आबा एकदाच बोलले. "दुर्मिळ म्हणजे काय, बाई? आपण कौतुकानं म्हणतो, एकच उरलं. म्हणजे बाकीची कुणीतरी मारली. हा शब्द कौतुकाचा नाही, फिर्यादीचा आहे." पण त्यांचा आवाज चढला नाही. मला वाटलं, या माणसाचा सगळा आरडाओरडा इतकी वर्षं या एका फिर्यादीच्या शोधात होता.

आता आमच्या घरी आलेल्या गोऱ्या साहेबाकडे येते. कोण, कुठल्या खात्याचा, ते सांगत नाही. माणूस उंच, देखणा, बोलायला गोड होता, आणि आजही त्याची आठवण झाली की माझ्या कानशिलात रक्त चढतं. परवाने तपासायच्या निमित्तानं तो घरी आला. परीक्षेसाठी मराठी शिकलेला. भिंतीपुढे हात मागे बांधून उभा राहिला आणि म्हणाला, "हे चांदीचे शस्त्र सर्वांत दुर्मिळ असावे, असे मला वाटते."

"चूक!"

"मग कदाचित हे सिंहाचे?"

"साफ चूक! तुमच्या देशात आजही पोत्यानं पडली असतील."

अक्का आणि मी चहाचे पेले घेऊन दारात उभ्या होतो. तिसऱ्या खेपेला माझ्या लक्षात आलं. साहेब चुकत नव्हता. तो मुद्दाम चुकत होता. प्रत्येक चुकीला आबा एक पायरी पुढे जात होते, बदामवालं कुठलं, फ्रेंच कुठलं, कशावरून ओळखायचं, सगळं स्वतःच्या हातानं खाली काढून दाखवत होते. अक्कांनी बांगड्या वाजवल्या. मग खोकल्या. मग पेले टेबलावर ठेवून सरळ म्हणाल्या, "अहो, चहा निवतोय."

"निवू दे!"

शेवटी साहेबानं बोंडाच्या शिक्क्याचं पिस्तूल उचललं, हातात तोललं आणि ओठ मुडपले. "ही तर गावठी नक्कल. कोणी अडाणी माणसाने केलेली दिसते."

अक्कांनी डोळे मिटून घेतले. आबांनी टेबलावर असा हात आपटला की पेला उलटला. आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. धरणगाव, पलटण, ऐरण, सरकीचा ढीग. "जगात एवढं एकच आहे. तुमच्या राजाच्या खजिन्यातही नाही!"

"अस्सं," साहेब म्हणाला. पिस्तूल हलक्या हातानं जागेवर टांगलं. त्या हलकेपणाचीच मला भीती वाटली.

तो गेल्यावर अक्का पोळपाट आपटत म्हणाल्या, "यांच्या जिभेला कुलूप घालायला कुठला लोहार आणू?"

बेचाळीस साली चळवळ पेटली. पकडलेल्या पोरांचे खटले आबांनी फुकट चालवले, आणि कोर्टात इतक्या वेळा "चूक!" म्हणाले की न्यायाधीशांनी समज दिली. सरकारला निमित्त मिळालं. परवाना रद्द झाला. भर दुपारी फौजदार गोणपाट घेऊन दारात आला. त्याच्या भावाचा खटला आबांनीच जिंकून दिलेला.

"आबासाहेब, हुकूम आहे. माझा इलाज नाही."

"तुझा इलाज कधीच नव्हता. लिही पंचनामा."

त्यानं लिहिलं, जुनी पिस्तुले, अमुक नग. आबांनी कागद वाचला आणि फौजदारावर धावून गेले. "जुनी पिस्तुले? नुसतं 'जुनी पिस्तुले'? कुठल्या शिक्क्याचं कुठलं, ते लिही. खुनाच्या खटल्यात 'माणूस, नग एक' लिहितोस का?"

फौजदारानं मान खाली घातली. "वरून एवढंच लिहायला सांगितलंय."

लढाई संपली, साहेब विलायतेला गेला, आणि त्यानंतर काही महिन्यांनी परवाना पुन्हा दिलाय, पिस्तुलं घेऊन जा, असा निरोप आला. आबांबरोबर मी गेले, कारण अक्कांनी मला बजावलं होतं, "त्यांचा हात धरून ठेवा. कुणाला मारतील."

कचेरीत गोणपाट उघडलं. नग बरोबर होते. एकही कमी नव्हता. फक्त बदामाच्या जागी सिंह होता. फ्रेंचाच्या जागी सिंह होता. आणि बाभळीच्या दस्त्याचं, बोंडाच्या शिक्क्याचं जे होतं, त्याच्या जागी एक सिंह, नुकताच तेलानं पुसलेला.

टेबलामागे आपलाच माणूस होता, चांगला शिकलेला, कपाळावर गंध. म्हणाला, "नग भरले ना? मग करा सही. अहो, एक जुनं लोखंड गेलं, दुसरं आलं. तुमचं नुकसान काय?"

मी आबांचा डावा हात घट्ट धरला होता. तो वर उठलाच नाही. गार पडला होता. त्या गंधवाल्याच्या टेबलावर तेव्हा हात आपटला तो मी. काय बोलले ते आठवत नाही. शिपायानं मला बाहेर जायला सांगितलं, एवढं आठवतं. शाळेत तक्रार गेली. मुख्याध्यापिकेनं विचारलं, खरं का? मी म्हटलं, खरं, आणि पुन्हा आपटीन.

लोकांना वाटलं, आता आबा दावा लावतील, वर्तमानपत्रांत लिहितील, धुळं डोक्यावर घेतील. त्यांनी काहीच केलं नाही. कोर्टात जाणं सोडलं. घरात कुणी सूर्य पश्चिमेला उगवतो म्हटलं असतं तरी ते ऐकून घेतलं असतं. अक्का मुद्दाम भाजीत मीठ विसरायच्या. ते मुकाट्यानं जेवायचे.

एक दिवस कोट घालून माझ्या दारात आले. "बाई, धरणगावला जायचंय. तिला सांगायला हवं."

आई म्हणाली, "म्हातारीच्या जिवाला घोर कशाला? गेल्याचं तिला कळणार आहे का?"

"मला कळलंय," आबा म्हणाले.

म्हातारी त्याच ओट्यावर होती, आणखी वाकलेली. आबा तिच्यासमोर जमिनीवर बसले. वकिलासारखं काही मांडलं नाही. साहेब आला, त्यानं मला डिवचलं, मी चिडलो, सगळं सांगून टाकलं आणि तुमचं पिस्तूल गेलं, एवढंच सांगितलं.

तिचा मुलगा घण खाली ठेवून दारात आला. मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ द्या, नशीब. आपल्या गोष्टींतल्या म्हाताऱ्या असंच म्हणतात.

"कसाले सांगं?" ती म्हणाली.

कशाला सांगितलंत, एवढंच ती विचारत होती.

"कसाले सांगं तुमी त्याले?" आता ती ओरडत होती. "मना आजासासरानी सोताना हातघाई बठ्ठा फोडात. पोलीस समोर व्हतात, बंदुका व्हत्यात, तरी एक शब्द बोलना नही तो. एक ऱ्हायनं हाई मरापर्यंत पोटमा ठेवं. अन् तुमले एक जन अडानी म्हने, अन् तुमी बठ्ठं सांगी दिधं? तुमले राग वना? आमले राग येत नही का?"

शेजारच्या बाया गोळा झाल्या. मुलानं "माय, ऱ्हाऊ दे" म्हणून तिचा खांदा धरला. तिनं त्याचा हात झिडकारला आणि आत निघून गेली. आबांनी तिच्या उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला. मुलानं आम्हाला पाणी दिलं. त्याचंच तोंड ओशाळं झालं होतं.

मोटारीत आबा म्हणाले, "तिचा राग बघितलात? साठ वर्षं तिनं तो आत सांभाळलाय. मी माझा दिवसातून दहादा उधळत होतो."

त्यांनी उरलेली पिस्तुलं पुन्हा भिंतीवर लावली नाहीत. माळ्यावर टाकली. पुढच्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली. अक्का त्यांच्या उशाशी बसून वर्तमानपत्र वाचायच्या. बातमी पटली नाही की त्यांचे डोळे लाल व्हायचे, आणि अक्कांना तेवढ्यानंही बरं वाटायचं. पावसाळ्यात ते गेले. दोन आठवड्यांनी गावात झेंडे लागले, चौकात पेढे वाटले. अक्कांनी पेढा घेतला आणि पदराला बांधून ठेवला. खाल्ला नाही.

सुतक संपल्यावर एका सकाळी मी शाळेला निघाले होते. दारात धरणगावची म्हातारी उभी होती, मुलाच्या आधारानं. बातमी तिला कुणी सांगितली कोण जाणे. अक्कांनी तिला आत घेतलं. दोघी एकमेकींजवळ बसल्या. चहा झाल्यावर ती उठली आणि रिकाम्या भिंतीकडे बघत म्हणाली, "कोठे व्हतं ते?"

अक्कांनी मधला खिळा दाखवला. म्हातारीचा हात तिथवर पोहोचेना. तिनं खिळ्याखालच्या चुन्यावर तळवा टेकवला आणि तशीच उभी राहिली.

पांझरेच्या पुलापर्यंत मी तिच्याबरोबर गेले. टांगा करून देते म्हटलं तर नको म्हणाली. पुलावर दम लागला तेव्हा कठड्याला टेकली. खाली नदीला गढूळ पाणी होतं.

"बाई," ती म्हणाली, "मी त्यासले माफ नही करं. करनार बी नही." मग पदरानं तोंड पुसलं. "पन आमना म्हातारानं काम वळखनारा एवढा एकच मानूस व्हता. आते तो बी नही."

मुलानं तिचा दंड धरला. ती त्याच्या पुढे पुढे, न थांबता, मोटार स्टँडकडे निघून गेली.